मदत हवी आहे: नव्या एलईडी पॅनलखाली शिवताना डोकं धरतं, आणि मशीनचं चाक उलटं फिरताना दिसतंय

सुईदोरा

मंडळी, नमस्कार. मी पुण्यात सहकारनगरला राहते, घरीच ब्लाउज शिवते. सोळा वर्षं हेच काम. दिवाळीआधी शिलाईच्या खोलीला पीओपी करून घेतलं आणि जुनी ट्यूब काढून चार एलईडी पॅनल बसवले. खोली झकास दिसते, बिलही कमी आलं. पण तेव्हापासून संध्याकाळी सहा-साडेसहाला कपाळाच्या मधोमध ठणकायला लागतं. आधी वाटलं सणाची घाई असेल. सण संपला, लग्नसराई सुरू झाली, डोकं तसंच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नंबर आहे तोच आहे, प्रेशर ठीक आहे, "काम कमी करा" म्हणाले. ते मलाही कळतं हो.

आता खरी गोष्ट. परवा काठाला अस्तर जोडत होते. मोटर जोरात होती आणि सहज नजर उजवीकडे गेली, तर मशीनचं चाक सावकाश उलटं फिरत होतं! टाके सरळ पडतायत, कापड पुढे सरकतंय आणि चाक मागे. पायाचा दाब जरासा वाढवला तर चाक उभंच राहिलं, आरे मोजता येतील इतकं स्वच्छ. घाबरून पाय काढला. नवऱ्याला बोलावून दाखवलं, त्यालाही तसंच दिसलं. म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नाही.

शिवाय व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर कापड दाखवते तेव्हा त्यावर आडवे काळसर पट्टे सरकतात. एक बाई म्हणाल्या, "हे डिझाइन आहे का?" आणखी एक, गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद असते तेव्हा मी गॅलरीत बसून हुक आणि हातशिलाई करते. त्या संध्याकाळी डोकं अजिबात दुखत नाही.

वायरमनला विचारलं तर म्हणाला, "ताई, सगळीकडे हेच पॅनल लावतो, कुणाची तक्रार नाही." पॅनलच खराब आहेत का? सगळे काढावे लागतील का? पीओपी पुन्हा फोडायची माझी ताकद नाही. आणि मे महिन्यात भाचा राहायला येतो, त्याला लहानपणापासून फिट येतात. त्याला या खोलीत बसू द्यावं का?

सहज_सुचलं

एलईडीचा निळा प्रकाश डोळ्यांना घातकच. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या, प्रश्न मिटला.

भोसरीचा_फिटर

सहज_सुचलं, निळ्या प्रकाशाने चाक उलटं फिरत नाही.

ताई, भोसरीच्या एमआयडीसीत मी तीस वर्षं लेथवर काढली. तुम्ही जे पाहिलं ते आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे. चोकच्या ट्यूबखाली लेथचा फिरता चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, उभा दिसू शकतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवून हात घालायचा नाही. यासाठीच शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, म्हणजे एक मंदावली तरी दुसरी उजेड धरून ठेवायची. मशीनपाशी साधा पिवळा बल्ब असायचा तो वेगळाच.

कारण सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते. म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. पिवळ्या बल्बची तार तापलेली असते, ती तेवढ्यात थंड होत नाही, त्यामुळे उजेड थोडासाच खालीवर होतो. एलईडीला तशी ऊब नाही. करंट थांबला की उजेड थांबला. मधली पोकळी भरून काढायला ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला लागेल तसा करंट देणाऱ्या डबीत, वीज साठवणारा कपॅसिटर असतो. स्वस्त मालात तो छोटा घालतात, काही बल्बांत जवळजवळ नसतोच.

चाकाला आरे किती आहेत, तेवढं मोजून सांगा.

सुईदोरा

सहा आहेत, काका.

भोसरीचा_फिटर

मग हिशेब बघा. तुमची मोटर मिनिटाला १००० टाके घालत असेल तर चाकाचे फेरेही १०००, कारण एका फेऱ्याला एक टाका. सेकंदाला साधारण १६.६७ फेरे. गुणिले सहा आरे, झाले १००. दिवा जितक्या वेळा मंदावतो तितक्याच वेळा एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येतो, म्हणून चाक उभं. वेग जरा कमी असला की आरा जागेवर पोचायच्या आत उजेड पडतो, म्हणून चाक उलटं. तुमच्या चाकानेच दिवा मोजून दिला म्हणायचं.

मेजर टेप तर असेलच. पॅनलखाली हातभर सोडून वेगाने डावी-उजवीकडे हलवा. एकसलग धूसर पट्टा दिसला तर बरं. सुट्ट्या सुट्ट्या पाच-सहा टेपा दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर त्यानेही पाहा.

सुईदोरा

टेपा मोजता येतायत. स्वयंपाकघरातल्या बल्बखाली मात्र धूसर पट्टाच दिसतो. आणि तो बल्बही एलईडीचाच आहे!

चष्मिष्ट

म्हणजे एलईडीत खोट नाही, त्या ड्रायव्हरात आहे.

डोकेदुखीबद्दल लिहिते, माझा रोजचा संबंध डोळ्यांशीच येतो. १०० हर्ट्झची लुकलुक डोळ्यांना थेट जाणवत नाही, पण ती डोळ्यांच्या मागे पोचत नाही असं नाही. नजर एका जागेवरून दुसरीकडे झपकन वळते तेव्हा अशा दिव्याखाली कडांची माळ उमटू शकते. तुमची नजर सुईवरून काठावर, काठावरून खडूच्या खुणेवर दिवसभर उड्या मारते. १९८९ साली ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयात चोकच्या ट्यूबा आणि उच्च वारंवारतेच्या बॅलास्टवरच्या (म्हणजे चोकऐवजी फार वेगाने लुकलुकवणाऱ्या सर्किटवरच्या) ट्यूबा आळीपाळीने वापरून पाहिल्या. कोणत्या कधी लागल्या हे कर्मचाऱ्यांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या प्रकारात डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी भरला. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, अर्धशिशीवाल्यांना जास्त होतो. वायरमनकडे तक्रार आली नाही ती त्यामुळे.

पण गुरुवारचा पुरावा मी धरणार नाही. त्या दिवशी तुम्ही मशीनवर बसतच नाही, कामच वेगळं. आठवडाभर दुपारपर्यंत पॅनल बंद ठेवून, मशीन खिडकीशी ओढून, तेच काम करून पाहा.

भाच्याबद्दल: प्रकाशामुळे येणाऱ्या फिट प्रामुख्याने सेकंदाला ३ ते ७० उघडझापीच्या टप्प्यात येतात. १०० त्याच्या वर आहे. तरी त्याच्या डॉक्टरांना विचाराच. आणि डोळ्यांना दिसेल असा फडफडणारा दिवा घरात एकही ठेवू नका. तो मात्र त्या टप्प्यात येऊ शकतो.

भोसरीचा_फिटर

पीओपीला हात लावू नका. पॅनल स्प्रिंगच्या क्लिपांवर असतो, तो खाली ओढला की मागे ड्रायव्हरची डबी लोंबताना दिसेल. तेवढीच बदलायची. हे वायरमनकडूनच करून घ्या, मेन बंद करून. कपॅसिटर लाइट बंद केल्यावरही काही वेळ चार्ज धरून असतो.

जुन्या डबीवर मिलिअँपिअर लिहिलेला असेल, ३०० वगैरे. नवी डबी तेवढ्याच मिलिअँपिअरची हवी आणि व्होल्टची रेंजही तीच. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबापाशी मिळेल. नुसतं "चांगला द्या" म्हणू नका, "फ्लिकर-फ्री" असं विचारा. दुकानदार "पॉवर फॅक्टर भारी आहे" म्हणेल. तो वीज कशी ओढली जाते त्याचा गुण, लुकलुकीचा नाही. एकाच टप्प्यात पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या ड्रायव्हरमध्ये १०० हर्ट्झची लाट उलट जास्त राहू शकते. दुकानातच जोडून टेप हलवून बघा.

आकडा हवाच असेल तर आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१५ची शिफारस आहे. सर्वांत जास्त उजेडातून सर्वांत कमी उजेड वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. १०० हर्ट्झला हे ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. मोबाइलवर हा आकडा नीट निघत नाही, त्यामुळे टेपच बरी.

सहज_सुचलं

बिल ठेवलंय का? वॉरंटीत बदलून मिळेल.

सुईदोरा

बिल वायरमनच्या खिशात गेलं, तिथेच राहिलं.

(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार. आधी चष्मिष्ट यांनी सांगितलं तसं मशीन खिडकीशी नेलं. सहा दिवसांत डोकं एकदाच दुखलं, तेही जागरणाच्या दुसऱ्या दिवशी. मग मशीनच्या डोक्यावरच्या एकाच पॅनलची डबी बदलली आणि बाकीचे तीन बंद ठेवले. आता जोरात शिवताना चाकाचा नुसता राखाडी धूर दिसतो. व्हिडिओ कॉलवरचे पट्टेही गेले. डोकं पूर्ण थांबलंय असं नाही म्हणणार, पण आठवड्यातून पाच दिवसांवरून एकावर आलंय. भाच्याच्या डॉक्टरांना बहीण विचारणार आहे.

उरलेल्या तिघांसाठी वायरमनला बोलावलं तर पुन्हा तेच, "ताई, कुणाची तक्रार नाही." काही न बोलता त्याच्या हातात टेप दिली आणि जुना पॅनल लावला. दहा मिनिटं तो टेपच हलवत होता. जाताना म्हणाला, स्वतःच्या घरीही हेच लावलेत.