प्रेस शॉपला नवीन पोरं आणि ट्रेनिंग फक्त कोरोनाचं, तुमच्याकडं काय चाललंय? (अंबड एमआयडीसी, नाशिक, 2020)

अंबड_शॉपफ्लोअर
नमस्कार मंडळी, अंबडला शीट मेटलच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, नाव नका विचारू. लॉकडाऊनमध्ये आमचे यूपी-बिहारचे निम्मे ऑपरेटर गावी गेले ते अजून आलेच नाहीत, म्हणून कॉन्ट्रॅक्टरनं पेठ-सुरगाण्याकडची पोरं आणलीत, कष्टाळू आहेत, पण पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापायचं, वाकवायचं मशीन) जन्मात पहिल्यांदा बघताहेत. आधी ट्रेनिंग रूममध्ये सगळ्यांना बसवून इंडक्शन व्हायचं, आता गर्दी नको म्हणून एचआरनं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकलाय, हात कसे धुवायचे, मास्क कसा लावायचा, तोही हिंदीत, आणि गेटवर रजिस्टरला सही घेतली की झालं ट्रेनिंग. प्रेसबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणे सध्या कोरोनाचं बघा बाकीचं नंतर, आणि तशीही ती पोरं कॉन्ट्रॅक्टरची जबाबदारी. मास्क पाहिजेच हो, पण कुणाची बोटं गेली तर तीपण नंतर बघायची का? हे कायद्यात बसतं का?

निवृत्त_सेफ्टीवाला
नाही बसत. फॅक्टरी ॲक्ट 1948 मध्ये कामगाराची व्याख्या आहे, त्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेला माणूसही कामगारच धरलाय. आणि कलम 111अ, 1987 च्या दुरुस्तीत आलेलं, त्याप्रमाणे सुरक्षा आणि आरोग्याचं ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क आहे, शक्य तिथं कारखान्यातच. एचआरला ही दोन पानं झेरॉक्स करून द्या, तोंडी वाद घालू नका.

गर्दी नको म्हणतात त्याचं म्हणाल तर गृह मंत्रालयाच्या 15 एप्रिल 2020 च्या आदेशात दहा किंवा जास्त लोकांच्या मीटिंगा टाळा, सहा फूट अंतर ठेवा आणि दोन शिफ्टमध्ये एक तासाचं अंतर ठेवा असं होतं. ट्रेनिंग बंद करा असं कुठं म्हटलंय? चार-चार पोरं घ्या आणि थेट मशीनपाशी उभी करा. खरं तर चाळीस जणांना खोलीत बसवून स्लाइड दाखवायच्या यापेक्षा हेच बरं, मागची पोरं झोपायची ते मी नोकरीभर बघितलंय.

आणखी एक. 7 मेला विशाखापट्टणमला बंद पडलेला प्लांट परत सुरू करताना स्टायरीन (प्लास्टिक बनवायचं विषारी रसायन) गळालं, त्यानंतर 9 मेला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं कारखाने परत सुरू करण्याबद्दल सूचना काढल्या. पहिला आठवडा ट्रायल रन समजा, मोठ्या टार्गेटच्या मागं लागू नका, आणि मशीनवरच्या माणसाला वेगळा आवाज, वास, थरथर, गळती, धूर ओळखायला शिकवा. हे पत्रक लॉकडाऊनमुळंच निघालंय, त्यामुळं "कोरोनाचं आधी" म्हणणाऱ्याला हेच दाखवा.

सिन्नर_सीएनसी
आमच्याकडं उलटाच ताप झालाय भो. कोरोनासाठी म्हणून सगळ्यांना रबरी हातमोजे दिले आणि पोरं तेच घालून ड्रिल मशीनवर उभी! फिरत्या स्पिंडलला मोजा गुंडाळला तर मोज्याबरोबर हात जातो. दुसरं गमछा. मास्क नाही म्हणून तोंडाला गमछा बांधतात, वाकलं की टोक चकच्या (मशीनचा पीस धरून फिरणारा भाग) जवळ लोंबतं. मी तर लेथवर आलेल्या पोराला आधी टोकं शर्टात खोसायला लावतो नाहीतर कानाच्या इलॅस्टिकवाला मास्क आण म्हणतो, कंपनीनं दिले पाहिजेत ते सोडा. मास्कवरनं बोललेलं मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळं थांब, बंद कर, मागं हो याच्या हाताच्या खुणा ठरवून टाकल्यात.

सातपूरचा_वेल्डर
सॅनिटायझरचं कुणी लिहिलंच नाही. त्यात साधारण 70 टक्के अल्कोहोल असतंय, हाताला चोळून ओल्या हातानं वेल्डिंगचा टॉर्च पेटवला की काय होईल सांगायला नको, आणि अल्कोहोलची ज्योत उजेडात धड दिसतबी नाही. आमच्याकडं बाटली आता वेल्डिंग बूथच्या बाहेर, आत साबण-पाणी.

प्लेटिंगवाल्यांनी पण जपा. फरशी पुसायचं हायपोक्लोराइट पिकलिंगच्या (धातूवरचा गंज काढायच्या) ॲसिडजवळ ठेवू नका, दोन्ही मिसळलं की क्लोरीन गॅस निघतो. हाउसकीपिंगच्या मावशींना हे कुणी सांगत नाही, त्यांना ट्रेनिंगला बोलवतंय कोण!

गंगापूररोड_वाचक
पेंट शॉपवाल्यांसाठी: एन-95 मास्क हवेतल्या कणांसाठी आहे, थिनरच्या वाफेला काही करत नाही. काहींनी ते मिळाले म्हणून वाफ अडवणारे कार्ट्रिजवाले मास्क बाजूला ठेवलेत. आणि कोरोनात वास जातो हे माहितीये ना? ज्याचा वास गेलाय त्याला कँटीनमधला गॅस गळतोय हे कळणार नाही. बरा होऊन कामावर आला तरी पहिले काही आठवडे त्याला एकट्याला गॅसपाशी ठेवू नका.

अंबड_शॉपफ्लोअर
सगळ्यांचे आभार. झेरॉक्स दिली, साहेब वाचून गप्प बसले, मग म्हणाले शिफ्टच्या मधल्या वेळात घ्या पण ओव्हरटाइम मागू नका. चार जणांची पहिली बॅच झाली. सेफ्टीवाले नाना, तुम्ही म्हणालात तसं थेट मशीनपाशी. मोटर बंद केली आणि काही न बोलता फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) फिरताना बघायला लावलं. एक पोरगं म्हणतं, सर, बंद केलं ना, मग अजून कसं फिरतंय. तेच तर, मशीन बंद म्हणून डायमध्ये (साच्यात) अडकलेला पीस हातानं काढायला जातात, आणि चाक फिरतंय तोवर प्रेस खाली येऊ शकते. मग चिमटा दिला प्रत्येकाच्या हातात. दोन हातांची बटणं (दोन्ही दाबली तरच प्रेस चालते, म्हणजे हात आत राहत नाही) दाखवताना एका प्रेसवर डावं बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं सापडलं, जुन्या ऑपरेटरचा पराक्रम, पीस लवकर पडतात म्हणून. ती प्रेस मेंटेनन्सला सांगून बंद ठेवलीये, प्रॉडक्शनवाले माझ्यावर चिडलेत.

आता अडचण भाषेची, पोरांना मराठी कळते पण गार्ड, क्लच, इंटरलॉक ऐकलं की नुसती मान डोलवतात. आणि भाताच्या लावणीला निम्मी गावी गेलीत.

निवृत्त_सेफ्टीवाला
मान डोलवली की विचारा, "आता तू मला दाखव". त्याच्याच हातानं मशीन बंद करू द्या, फ्लायव्हील थांबेस्तोवर हात मागे ठेवतो का बघा, मगच सही. आणि त्यांच्यातलाच एक हुशार पोरगा धरा, लावणीवरून आले की पुढच्या बॅचला त्याच्या बोलीत तोच सांगेल. चिकटपट्टीचा फोटो काढून ठेवलात ना?

अंबड_शॉपफ्लोअर
काढलाय, तारखेसकट. साहेबांना मेलही केलाय.