‘डे ॲट केलॉग’साठी पुण्याहून एव्हन्स्टनला जाणे योग्य ठरेल का?

मुळामुठा:
नमस्कार. यंदा दुसऱ्या फेरीत मला केलॉग (शिकागोलगतच्या एव्हन्स्टनमधील) आणि शिकागो बूथ या अमेरिकेतील दोन्ही बिझनेस स्कूलमध्ये एमबीएला प्रवेश मिळाला असून, केलॉगने प्रवेश मिळालेल्यांसाठी एप्रिलमध्ये ठेवलेल्या ‘डे ॲट केलॉग’ला जावे की नाही, हे ठरत नाही. शैक्षणिक कर्ज काढायचेच आहे, त्यात हा खर्च. वडिलांचे म्हणणे असे की, प्रवेश झाला आहे, तर आता नुसते पाहायला कशाला जायचे? पत्नीला मात्र सोबत यायचे आहे, कारण दोन वर्षे तिलाही तिथेच काढायची आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ:
आधी व्हिसाचे पाहावे. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा हातात असला, तरी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी त्यावर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. एप्रिलच्या भेटीसाठी दोघांकडेही बी-१/बी-२ हा तात्पुरत्या भेटीचा व्हिसा लागेल. तो नसेल, तर मुंबईत मुलाखतीची तारीख वेळेत मिळेल या भरवशावर तिकिटे काढू नयेत.

सरोवरकाठचा:
प्रवेश एकाच ठिकाणी मिळाला असता, तर मी आपल्या वडिलांच्या बाजूने बोललो असतो. पण दोन्ही प्रस्ताव हातात असताना जावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही संस्था एकाच महानगरात असल्या, तरी तिथले रोजचे जगणे निराळे आहे: केलॉगचे बहुसंख्य विद्यार्थी एव्हन्स्टनमध्येच राहतात, तर बूथचे अनेक जण शिकागोच्या मध्यवस्तीतून हाइड पार्क भागातल्या संस्थेत ये-जा करतात. बूथमध्ये ‘लीड’ हा नेतृत्वविकासाचा एकच विषय सर्वांना सक्तीचा आहे. केलॉगमध्ये पायाभूत विषयांचा ठरलेला गट आणि गटाने काम करण्यावर मोठा भर. यांपैकी आपल्या स्वभावाला काय मानवेल, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही.

मिशिगन सरोवराच्या काठावर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केलॉगच्या ‘ग्लोबल हब’ या इमारतीच्या मधल्या उंच दालनात रुंद पायऱ्या आहेत आणि त्यांवर विद्यार्थी गप्पा मारत, अभ्यास करत बसलेले असतात. स्वागताची भाषणे संपली की तिथे दुसऱ्या वर्षाच्या भारतीय विद्यार्थ्यांना गाठावे आणि उन्हाळी इंटर्नशिप देणाऱ्या कोणत्या कंपन्या पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची जबाबदारी घेतात, हे नेमकेपणाने विचारावे. ज्यांना इंटर्नशिप उशिरा मिळाली, त्यांच्याशी तर आवर्जून बोलावे. खरी परिस्थिती तेच सांगतात. बूथकडून शिष्यवृत्तीचे पत्र आले असेल, तर ते दाखवून केलॉगच्या प्रवेश कार्यालयाशी समक्ष बोलण्यात संकोच नसावा. आणि एक दिवस वाढवून हाइड पार्कही पाहून यावे, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

सावित्रीची लेक:
मी जोडीदार म्हणून गेले होते, म्हणून आपल्या पत्नीसाठी लिहिते. केलॉगमध्ये जोडीदारांना ‘जॉइंट व्हेंचर’ म्हणतात आणि कार्यक्रमांत मनापासून सामावून घेतात. परंतु एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, ही गोष्ट घरखर्चाच्या हिशेबात आधीच धरायला हवी. तिथे एफ-२वर राहणाऱ्या एखादीशी त्यांनी निवांत बोलावे, दिवस कसा जातो, एका विद्यार्थ्याच्या कर्जावर दोघांचे कसे भागते, हे सारे विचारून घ्यावे. एप्रिलमध्येही सरोवरावरून बोचरा वारा येतो, तेव्हा जाड जॅकेट असू द्यावे. शनिवार-रविवारी पर्पल लाइन ही लोकल रेल्वे हॉवर्ड स्थानकाच्या पुढे शहरात जात नाही, तिथे रेड लाइन पकडावी लागते.