मदत हवी आहे: एन्क्रिप्शन ॲप आणि अमेरिकेचे एक्सपोर्ट नियम

फाइल एन्क्रिप्ट करणारं ॲप बनवलंय, आतलं सगळं स्टँडर्ड, एईएस-२५६ वगैरे, स्वतःचा घरगुती अल्गोरिदम काही नाही. डाउनलोड अमेरिकेतल्या सर्व्हरवरून आहे म्हणजे त्यांचा ईएआर (एक्सपोर्टचे नियम) लागू होतो, हे कळलं.

फुकट व्हर्जनचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. मार्च २०२१ पासून स्टँडर्ड क्रिप्टो असलेल्या खुल्या कोडसाठी बीआयएस (हे नियम सांभाळणारं अमेरिकेचं सरकारी खातं) आणि एनएसएला (त्यांची गुप्तचर संस्था) ईमेल करावा लागत नाही, तिथे निवांत आहे. घोडं अडलंय ते पेड व्हर्जनपाशी. कोड तोच पण वर सिंकचा एक मॉड्युल जोडलाय ज्याचा सोर्स बंद आहे, मग खुल्या कोडची सूट त्याला मिळणार नाही असं मी धरून चाललोय. नियम दोनदा वाचले, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होते! क्यूबा, इराण, उत्तर कोरिया आधीच ब्लॉक केलेत. वकील परवडणार नाही, तो सल्ला प्लीज नको.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, पेड व्हर्जन मास मार्केट (सर्वसामान्य ग्राहकांना खुलेआम विकायचं सॉफ्टवेअर) म्हणजे ५डी९९२ या एक्सपोर्ट वर्गात आपलं आपण टाकून १ फेब्रुवारीच्या आत वार्षिक रिपोर्ट पाठवला की भागतं, का विकायच्या आधी बीआयएसकडून क्लासिफिकेशन (ॲप कुठल्या वर्गात बसतं याचा अधिकृत निर्णय) घ्यावंच लागतं?