मदत हवी आहे: कायोटीसाठी रायफल, .२२३ घ्यावी की .२२-२५०? (टेक्सास)

माणदेशी_टेक्सन:

नमस्कार. धाग्याचं नाव वाचून काही जण दचकतील, पण प्रश्न खराच आहे. (.२२३ वगैरे आकडे म्हणजे रायफलच्या काडतुसांचे प्रकार.) आजूबाजूच्या रँचवाल्यांना विचारलं तर प्रत्येक जण स्वतःच्या कपाटात जी रायफल आहे तीच जगात भारी म्हणतो.

सॅन अँटोनियोच्या वायव्येला, बँडेराच्या पुढे २२ एकर घेऊन आम्हाला तीन वर्षं झाली. नोकरी चालूच आहे. शेळ्या म्हणजे जोडधंदा, आणि प्रॉपर्टी टॅक्समधली शेतीची सवलत टिकवायचा मार्ग. बोअर जातीच्या सव्वीस शेळ्या, दोन बोकड. या विणीत एकोणीस करडं झाली, त्यातली चार पंधरा दिवसांत गेली. दोन नुसतीच गायब. तिसरं ओढ्याकाठी पोट फाडलेलं मिळालं. चौथ्याचा फक्त एक कान आणि त्याला लावलेला पिवळा बिल्ला. बायकोने तो बिल्ला धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, रोज चहा घेताना समोर दिसतो.

रात्री कायोटी (इकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) ओरडतात. ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: आपली कोल्हेकुईच, पण दोघे ओरडले तरी दहा वाटतात. माझी आजी माणदेशात शेळ्या राखायची. लांडग्यावर तिचा उपाय म्हणजे वाघर, काठी आणि दोन कुत्री. माझ्याकडे यातलं काहीच नाही.

दुकानात गेलो तर माणसाने थेट .२२-२५० हातात दिली, "कायोटीला हीच" म्हणाला. शेजारी .२२३ म्हणतो. मुलाचा मित्र .१७ एचएमआर म्हणतो, कारण स्वस्त आणि आवाज कमी. ओढ्यात रानडुकरंही येतात, म्हणून एकाने .२४३ सुचवली. रायफल एकच घ्यायची आहे, बायकोही चालवणार आहे. अनुभव म्हणाल तर शाळेत एनसीसीला .२२ ने पाच गोळ्या मारल्या होत्या, त्यातली एक शेजारच्याच्या टार्गेटवर.

---

बंडूनाना:

एआर-१५ घ्या. विषय संपला.

---

सांजवारा:

बंडूनाना, विषय सुरूही झाला नाही. एआर हा रायफलचा प्रकार झाला, ते विचारतायत काडतूस कुठलं. (बहुतेक एआर .२२३ किंवा ५.५६ च असतात, म्हणजे उत्तर अर्धं बरोबर.)

माणदेशीदादा, मी सॅन अँजेलोकडे अकरा वर्षं कायोटींच्या मागे आहे. आधी एक हिशोब करा. २२ एकर अगदी चौकोनी धरले तरी एक बाजू सव्वातीनशे यार्ड होते. त्यात तुमच्याकडे लाइव्ह ओक आणि सीडरची झाडी. म्हणजे तुम्हाला नीट दिसेल असा नेम शंभर-दीडशे यार्डांचा. दुकानदाराने जी दिली ती चांगलीच आहे, पण ती पश्चिमेकडच्या उघड्या माळासाठी, जिथे कायोटी चारशे यार्डांवर उभा राहून तुमच्याकडे बघत बसतो.

.२२३ आणि .२२-२५० या दोन्हींत गोळी एकाच जाडीची असते. फरक मागच्या दारूचा. .२२-२५० म्हणजे १९१५ च्या .२५० सॅव्हेजचं काडतूस, तोंड आवळून .२२ ची गोळी बसवलेलं. हौशी लोक ते घरी बनवायचे, १९६५ मध्ये रेमिंग्टनने कारखान्यात आणलं. त्यात छत्तीस-सदतीस ग्रेन (बंदुकीच्या जगातलं वजनाचं माप) दारू मावते, .२२३ मध्ये पंचवीस-सव्वीस. म्हणून ५५ ग्रेनची तीच गोळी .२२३ मधून सेकंदाला ३,२४० फुटांच्या आसपास सुटते आणि .२२-२५० मधून ३,६८० च्या.

आता याचा तुम्हाला उपयोग काय ते बघा. दोन्हींचा नेम दोनशे यार्डांवर बांधला (म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर लागेल असा) तर तीनशेवर .२२३ ची गोळी सात-आठ इंच खाली जाते, .२२-२५० ची पाच-साडेपाच. तीनशेवर दोन-अडीच इंचांचा फरक पडला, आणि तीनशे यार्ड तर तुमच्या कुंपणाशीच संपतात. दोनशेच्या आत .२२३ दीड इंचापेक्षा जास्त वर जात नाही, खाली जात नाही. कायोटीच्या छातीत नेम धरायची जागा पाचेक इंचांची. म्हणजे मधोमध धरा आणि चाप दाबा, गणित नको. वाऱ्याचं मात्र लक्षात ठेवा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा दोनशेवर .२२३ ला चारेक इंच ढकलतो.

खर्चाचं म्हणाल तर .२२३ ची काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात आणि बरीच स्वस्त पडतात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही नवखे आहात. नेम बसायचा तर दोन-तीनशे गोळ्या रेंजवर खर्च कराव्या लागतील. महाग काडतूस असलं की माणूस सराव टाळतो आणि मग जनावर जखमी होऊन पळतं. शिवाय जास्त दारूने .२२-२५० ची नळी लवकर झिजते. वहिनींनाही .२२३ चा धक्का जाणवणार नाही.

.१७ एचएमआर बद्दल: २००२ मध्ये आली, १७ ग्रेनची इवलीशी गोळी, खारी-सशांना सुरेख. कायोटीला शंभरच्या आत, अगदी नेमक्या जागी लागली तर पडेल. मी एकदा हा शहाणपणा केला. एकशे तीसवर मारलं, बसल्याचा आवाज आला, आणि तो झाडीत गेला. अंधार पडेपर्यंत शोधलं, मिळाला नाही. नंतर ती रायफल भाच्याला देऊन टाकली.

.२४३ मात्र विचार करण्यासारखी आहे. ५८ ग्रेनच्या गोळीने कायोटी, १०० ग्रेनच्या गोळीने हरीण आणि डुक्कर. डुकरं खरोखर त्रास देत असतील तरच. .२२३ मध्ये कायोटीची पातळ आवरणाची गोळी भरून मोठ्या डुकरावर मारू नका, ती खांद्यावरच्या जाड कातड्याच्या ढालीवरच फुटते.

---

पुणेरी_अभ्यासक:

तांत्रिक चर्चा वाचली. एक प्रामाणिक प्रश्न: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, आणि आपलीच माणसं तिकडे जाऊन त्याच्या भावंडाला मारायला रायफल निवडतायत. हे पटतं का?

---

सांजवारा:

पटणं न पटणं तुमचं. टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही. हवाई सोडून सगळ्या राज्यांत तो पसरलाय, शिकागोसारख्या शहरातसुद्धा. नामशेष व्हायची भीती नाही.

---

डॉक्टर_शेरडं:

मी पशुवैद्य आहे, फ्रेडरिक्सबर्गकडे शेळ्या-मेंढ्याच बघते. पुणेरी अभ्यासक यांना थोडं बळ देते आणि माणदेशीदादांना थोडं थांबवते.

दादा, करडं कायोटीनेच मारली हे कशावरून? पोट फाडलेलं मिळालं म्हणजे कोणीतरी खाल्लं एवढंच कळतं. मेलेलं करडू कायोटी आनंदाने खातो. पुढचं मेलं की लगेच पुरू नका. हातमोजे घाला, गळ्यापासून जबड्यापर्यंत कातडं सोलून उलटं करून बघा. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातड्याच्या आतल्या बाजूला, दाताच्या भोकांभोवती, जांभळंकाळं रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यावर चावलं असेल तर भोकं दिसतात, पण आतून स्वच्छ. कायोटी बहुधा गळा, जबड्याच्या मागे धरतो. मागचे पाय, शेपटी, कुशी फाडलेल्या आणि चार-पाच जनावरं नुसती जखमी असली तर मोकाट कुत्री. डोळे आणि नाळेची जागा टोचलेली असली तर काळी गिधाडं, आणि त्यांना हात लावू नका. ती फेडरल कायद्याने संरक्षित आहेत, परवान्याशिवाय मारता येत नाहीत.

दुसरं असं की, कायोटी मारल्याने कायोटी कमी होतीलच असं नाही. जोडी फुटली की रिकाम्या जागी नवे येतात, उरलेल्या माद्यांना पिल्लं जास्त होतात. नेमका करडांना चटावलेला एक मारला तर फरक पडतो. सरसकट मारत सुटलं तर फक्त काडतुसं संपतात. अनोळखी मेलेला कायोटी उघड्या हाताने उचलू नका. १९८८ पासून दक्षिण टेक्सासात त्यांच्यात रेबीजची मोठी साथ होती, राज्य सरकारने १९९५ पासून विमानातून लसीची आमिषं टाकून ती आटोक्यात आणली. तरी सवय लावून घ्या.

---

नवखा_इर्व्हिंग:

अवांतर विचारतो. मी एच-वन-बी वर आहे. मित्राच्या रँचवर जाऊन मी अशी शिकार करू शकतो का?

---

सांजवारा:

अवांतर नाही, फार महत्त्वाचं आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे चालू शिकार परवाना. मित्राची बंदूक "जरा धरून बघतो" हेसुद्धा आधी वकिलाला विचारूनच. भानगड झाली तर व्हिसावर येते. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

माणदेशीदादा, तुम्हालाही सांगतो. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर टेक्सासात शिकार करायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. कायोटी शेळ्यांवर हल्ला करत असेल किंवा नुकताच केला असेल तर शिकार परवाना लागत नाही, पण तुम्ही परवाना काढाच. कोर्समध्ये कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची हे शिकवतात, ते कॅलिबरपेक्षा उपयोगी आहे. आणि गोळी तुमच्या हद्दीबाहेर जाता कामा नये. शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय ती कुंपण ओलांडली तर तो गुन्हा आहे. तुमच्याकडे चुनखडीचा खडक, गोळी उसळते. म्हणून बसायची जागा उंचावर, गोळी खाली उताराच्या मातीत जाईल अशी. हलकी, वेगवान, प्लास्टिकच्या टोकाची गोळी आपटताच फुटते, हाही .२२३ चा फायदाच. पूर्ण तांब्याच्या आवरणाची सरावाची गोळी शिकारीला वापरू नका, आरपार जाते आणि जनावर जखमीच पळतं.

---

माणदेशी_टेक्सन:

सगळ्यांचे आभार. आठवड्याने लिहितोय, कारण सांगण्यासारखं बरंच झालं.

मंगळवारी पाचवं करडू गेलं, दोन दिवसांचं. डॉक्टरताईंनी सांगितल्याप्रमाणे सोललं. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. गळ्याचं कातडं आतून दुधासारखं पांढरं, एक ठिपका नाही. डोळे मात्र दोन्ही नाहीत आणि नाळेपाशी भोक. वर बघितलं तर वठलेल्या ओकवर सात काळी गिधाडं ओळीने. पंधरा दिवस मी ज्यांना शिव्या घालत होतो ते यात नव्हतेच.

मग ओढ्यापाशी कॅमेरा लावला. तिसऱ्या पहाटे, पाच वाजून दहा मिनिटांनी, कायोटी दिसला. एकच, उजव्या कानाला चीर असलेला. मागच्या पावसात ओढ्यावरच्या जाळीचा तळ वाहून गेला होता, वीतभर फट. त्यातून तो पोटावर सरपटत आत आला, अगदी रोजच्या वाटेने आल्यासारखा. तारेला केसही सापडले. म्हणजे गिधाडंही आणि हाही.

फट बुजवली, साखळ्या आणि जुने पत्रे लावून. व्यायलेल्या शेळ्या दहा दिवस गोठ्यातच ठेवणार.

रायफल .२२३ बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची) घेतली. दुकानदार नाराज. .२४३ चा मोह झाला, पण डुकरं वर्षातून दोनदा येतात आणि त्यांच्यासाठी शेजाऱ्याचा सापळा आहे. रेंजवर शंभर यार्डांवर बायकोच्या तीन गोळ्या सव्वा इंचात पडल्या, माझ्या साडेतीन. घरी या विषयावर बोलणं बंद आहे.

दोन प्रश्न उरलेत. नळीतल्या आट्यांचं (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाचं): माझ्या रायफलवर १:८ लिहिलंय, ५५ ग्रेन चालेल ना? आणि दुकानात ५.५६ ची पेटी स्वस्त दिसली, ती घेऊ का?

---

सांजवारा:

आठ इंचांत एक फेरा म्हणजे ५५ चालेल, ६९ आणि ७७ चीही चालेल. जुन्या १:१२ वाल्यांना जड गोळ्या पेलत नाहीत. ५.५६ ची पेटी नको. दिसायला तेच काडतूस, पण दाब जास्त, आणि तुमच्या नळीवर .२२३ लिहिलंय. उलटं चालतं, म्हणजे ५.५६ च्या रायफलमध्ये .२२३.

फट बुजवलीत, आता तो दुसरी वाट शोधत कुंपणाकडेने फिरेल. पहाटे वारा तोंडावर घेऊन बसा. बोलावायला सावजाच्या आवाजाची शिट्टी वाजवलीत तरी तो आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून तुमच्या वाऱ्याखाली जाऊन वास घेतो. म्हणून वाऱ्याखालची बाजू मोकळी दिसेल असं बसा. आणि चाप वहिनींच्या हातात द्या.

---

माणदेशी_टेक्सन:

शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं नाही.

डॉक्टरताई, ग्रेट पिरेनीजचं पिल्लू मिळतंय, नऊ आठवड्यांचं. आजीच्या दोन कुत्र्यांची आठवण झाली. घेऊ का?

---

डॉक्टर_शेरडं:

घ्या, पण या विणीला त्याचा उपयोग नाही. कामाचं व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. आताच शेळ्यांजवळ वाढवा, घरात आणून सोफ्यावर बसवू नका. आणि कोवळ्या करडांत एकटं सोडू नका. पहिलं वर्षभर खेळता खेळता कान तेच चावेल.