वाळवंटातील खडक कणकेच्या गोळ्यासारखे का दिसतात? डिजिटल निसर्गचित्राविषयी प्रश्न

कातळछंदी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. गेले तीन महिने मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वाळवंटी प्रदेशाचे चित्र उभारतो आहे. अमेरिकेतील मॉन्युमेंट व्हॅलीसारखे सपाट माथ्याचे तांबूस सुळके आणि त्यांच्यापुढे पसरलेले मैदान, अशी कल्पना आहे. एका प्लेनला, म्हणजे सपाट पृष्ठभागाला, भरपूर विभाग देऊन त्यावर नॉइज टेक्स्चरचे (अनियमित चढउतारांच्या नक्षीचे) डिस्प्लेसमेंट लावले, म्हणजे त्या नक्षीप्रमाणे पृष्ठभाग वर-खाली केला, त्यावर आणखी बारीक नॉइज चढवले, व्होरोनॉय या पेशींसारख्या नक्षीने भेगाही पाडल्या. पण जे तयार झाले ते खडकापेक्षा मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखे दिसते. बारकावे वाढवले की तोच गोळा अधिक खरखरीत होतो, एवढेच. दौलताबादच्या कड्याची आणि वेरूळच्या डोंगराची मी स्वतः काढलेली पुष्कळ छायाचित्रे आहेत. त्यांतूनच टेक्स्चर, म्हणजे खडकाच्या पृष्ठभागाचा पोत, घ्यावे, असे मनात आहे. माझे नेमके कोठे चुकते आहे?

भूगोलाचा निवृत्त शिक्षक (अंबाजोगाई)

आपल्या सॉफ्टवेअरमधले मला फारसे कळत नाही. घरी नातू हे काम करतो आणि मी मागे बसून त्याला नको असलेल्या सूचना देतो. परंतु आपल्या वर्णनावरून चूक खडकाच्या समजुतीत आहे, असे वाटते. आपले नॉइज सर्व दिशांना सारखेच असते. थरांचा खडक तसा नसतो. तो आडव्या थरांनी बनतो आणि उभ्या भेगांनी तुटतो.

मॉन्युमेंट व्हॅलीतच पाहा. खाली ऑर्गन रॉक शेल हा मऊ थर आहे, त्यावर डी शे वालुकाश्माचा जाड, कठीण थर आणि माथ्यावर इतर थरांची टोपी आहे. मऊ थर झिजून तिरपा उतार होतो. त्याचा आधार सुटला की वरचा वालुकाश्म उभ्या भेगांवरून फळीसारखा निखळतो आणि त्याचे धोंडे पायथ्याशी येऊन पडतात. म्हणूनच कडा शतकानुशतके मागे सरकत राहिला, तरी उभाच राहतो. आपल्या चित्रात उतार, कडा आणि टोपी हा क्रम दिसला पाहिजे, आणि सर्व सुळक्यांवर तो एकाच उंचीवर दिसला पाहिजे, कारण मुळात ते सारे एकाच सलग पठाराचे उरलेले तुकडे आहेत.

हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. बालाघाटाच्या डोंगरांत लाव्ह्याच्या थरांच्या अशाच पायऱ्या दिसतात. दख्खनच्या या लाव्हाथरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. मात्र आपल्या छायाचित्रांतून पायऱ्यांची रचना घ्यावी, टेक्स्चर घेऊ नये. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यातील वायूच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली दिसतात. वालुकाश्मात ती शोभणार नाहीत. तेथे जुन्या वाळूच्या टेकड्यांच्या तिरप्या रेषा हव्यात. आणि दौलताबादचा खालचा सरळसोट कडा तर माणसांनी तासून काढलेला आहे, निसर्गाने नव्हे!

नोडकर (नांदेड)

सरांनी सांगितलेले ब्लेंडरच्या नोडमध्ये (एकमेकांना जोडायच्या क्रियांच्या चौकटींमध्ये) आणायचे असेल, तर ऑब्जेक्ट कोऑर्डिनेटमधून झेड अक्ष, म्हणजे उंची, वेगळा काढावा, त्यात किंचित नॉइज मिसळावे आणि तो कलर रॅम्पला, म्हणजे आकड्यांना रंगांचे पट्टे देणाऱ्या नोडला, द्यावा. रॅम्पमधील पांढरा पट्टा म्हणजे पुढे आलेला कठीण थर आणि काळा म्हणजे आत गेलेला मऊ थर. पट्ट्यांची जाडी मुद्दाम विषम ठेवावी. मी पहिल्या वेळी ती सारखी ठेवली आणि सुळक्याचा थेट बिस्किटाचा पुडा झाला.

दुसरे असे की, सुळके प्लेनमधून वर ओढू नका. अशा प्लेनच्या हाइट मॅपमध्ये (उंचीच्या नकाशात) एका बिंदूला एकच उंची असते, त्यामुळे उभ्या कड्यावर जाळी ताणली जाते आणि पुढे झुकलेला खडक तर करताच येत नाही. सुळके स्वतंत्र मेश (त्रिमितीय जाळी) म्हणून बांधा, त्यांवर प्रतिमा लावताना बॉक्स प्रोजेक्शन वापरा, म्हणजे ती खोक्याच्या बाजूंप्रमाणे सर्व दिशांनी बसवा, आणि प्लेन फक्त मैदानासाठी ठेवा. पायथ्याच्या ढिगाऱ्याचा उतार ३५ अंशांच्या आसपास राहू द्या. त्याहून बराच तीव्र केला, तर धोंडे चिकटवल्यासारखे दिसतात.

कातळछंदी (छत्रपती संभाजीनगर)

दोघांचेही मनापासून आभार. दौलताबादच्या कड्याविषयी वाचून थोडा खजील झालो, कारण तेथे मी निदान वीस वेळा गेलो असेन. नव्या रचनेत थर उत्तम दिसू लागले आहेत. आता अडचण अशी की, सुळका खेळण्यातल्यासारखा लहान वाटतो. वाऱ्याने खडक कोरला जातो, म्हणून मी मध्यावर सर्व बाजूंनी खोलगट कंबर दिली आहे. तिचा हा परिणाम असेल का?

भूगोलाचा निवृत्त शिक्षक (अंबाजोगाई)

होय, ती कंबर काढून टाकावी. वाऱ्याने उडणारी वाळू बहुतांशी जमिनीपासून मीटर-दोन मीटरच्या आतच उड्या मारत जाते, त्यामुळे तिने पायथा कोरलेले छत्रीसारखे खडक लहान असतात. मॉन्युमेंट व्हॅलीतील मोठे सुळके सुमारे ३०० मीटरपर्यंत उंच आहेत, म्हणजे सुमारे २०० मीटरच्या दौलताबादच्या टेकडीहूनही उंच. एवढ्या उंचीच्या मध्यावर वाळू पोहोचत नाही. वाळवंटातसुद्धा मोठी झीज मुख्यतः क्वचित पण जोरदार पडणाऱ्या पावसाने होते, म्हणून मैदानात वाळूच्या लाटांपेक्षा कोरड्या ओढ्यांच्या घळी अधिक दाखवा.

नोडकर (नांदेड)

आकाराचा भास बारकाव्यांच्या मापावरून होतो. आपल्या भेगा बहुधा फार रुंद आहेत. त्या बारीक करा, पायथ्याशी ठिपक्यांएवढी झुडपे पेरा आणि मागचे सुळके धुरकट, फिकट ठेवा. कड्यावरचे काळसर ओघळही विसरू नका. लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचा तो पातळ लेप पाणी उतरते त्या वाटेवर विशेष गडद दिसतो, म्हणून ओघळ माथ्याच्या कडेपासून सुरू करा. आणि जेथून फळी नुकतीच निखळली आहे, तेथे लेप अजिबात नको. तो भाग ताजा तांबूस राहू द्या.