नागपूरच्या शाळांतून शिकून गेलेली मोठी माणसं: खात्रीची नावं आणि त्यांचा पुढचा प्रवास सांगा

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला शिकवते. जानेवारीत गॅदरिंग आहे आणि त्या वेळी व्हरांड्यात आठ फलक लावायचेत, नागपूरच्या शाळांमध्ये शिकून पुढे मोठं काम केलेल्या माणसांचे. काम माझ्याकडे आलंय.

वर्गात हा विषय काढला तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मोठं व्हायचं असलं तर आधी नागपूर सोडावं लागते ना?" बाकीचे हसले नाहीत, सगळे माझ्याकडे बघत होते. मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि ते तेव्हापासून डोक्यात बसलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरते तुम्हालाही आली असेल, नरसिंह राव, हिदायतुल्ला, गवई साहेब, बोबडे साहेब, सगळे एकाच ओळीत "नागपूरच्या शाळेचे विद्यार्थी" म्हणून. मला त्यावर भरवसा नाही. चुकीचं नाव फलकावर लागलं आणि पालकांपैकी कोणी बोट ठेवलं तर मुलांसमोर काय सांगणार.

मला दोनच गोष्टी हव्यात. शाळा कोणती ते खात्रीने, आणि दहावीनंतर तिशी-चाळिशीपर्यंत त्या माणसाने नेमकं काय केलं. पुरस्कारांच्या याद्या नकोत, त्या मिळतात. मधली वर्षं कोणी सांगत नाही आणि आमच्या मुलांना तीच कळायला हवीत.

सदरचा_सायकलवाला

मॅडम, मी सदरच्या एसएफएसचा, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स, मुलांची शाळा, १८७० पासूनची. तुमच्या आठपैकी तीन फलक तर आमच्या एकट्या शाळेतूनच भरतात, आणि तिघांच्या वाटा इतक्या वेगळ्या की मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

पहिले शरद बोबडे. जन्म १९५६, नागपूरचेच. शाळा एसएफएस, पदवीपण एसएफएस कॉलेजातूनच, मग नागपूर विद्यापीठाची एलएलबी आणि १९७८ ला सनद. आता तुमच्या त्या मुलाचं उत्तर इथे आहे बघा. सनद घेतल्यापासून २००० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होईपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं, हा माणूस मुख्यतः इथल्याच खंडपीठात काळा कोट घालून उभा राहत होता. सिनिअर अ‍ॅडव्होकेट झाले तेसुद्धा १९९८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. मग २०१२ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्ट, आणि १८ नोव्हेंबर २०१९ ला देशाचे ४७ वे सरन्यायाधीश. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे हा २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल, त्या पीठावर ते होते, आणि अयोध्येच्या पाच जणांच्या पीठावरही. घरात वकिली होती हे पण लिहा, वडील राज्याचे महाधिवक्ता होते. मुलांपासून ते लपवू नये असं मला वाटते, सगळे शून्यातून आले असं सांगितलं की हुशार पोरं ओळखतात.

दुसरे हरीश साळवे. जन्म १९५५, तीच शाळा. हे आधी सीए झाले, मग कायदा. वडील एन. के. पी. साळवे, तेही सीए, केंद्रात मंत्री, क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष. हरीश साळवे दिल्लीला गेले, नानी पालखीवालांच्या हाताखाली काम केलं, १९९२ मध्ये सिनिअर आणि १९९९ ते २००२ सॉलिसिटर जनरल. कुलभूषण जाधवांची केस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांनीच लढवली आणि फी घेतली एक रुपया. जुलै २०१९ ला निकाल लागला, ऑगस्टमध्ये सुषमा स्वराज यांनी फोन करून सांगितलं होतं की येऊन तुमचा रुपया घेऊन जा, आणि त्याच रात्री त्या वारल्या. नंतर त्यांच्या मुलीने तो रुपया साळवेंच्या हातात दिला. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती. फलकावर त्या एका रुपयाचं चित्र काढा मॅडम, खाली नाव नसलं तरी चालेल.

तिसरे राजकुमार हिरानी, त्यांच्यावर मी वेगळं लिहितो कारण तिथे मला खूप बोलायचंय.

सदरचा_सायकलवाला

तर हिरानी. जन्म १९६२. कुटुंब सिंधी, फाळणीत सिंधमधून आलेलं, आणि वडिलांनी नागपुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट टाकली. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या काळात टायपिंगचा क्लास केलाय त्यांना एक सेकंदात ते दृश्य दिसेल. मी महालात एका क्लासला जायचो, सकाळी साडेसहाची बॅच, लांबट खोली, दोन्ही बाजूंनी काळ्या मशिनी, त्यावर रेक्झिनची कव्हरं. ए-एस-डी-एफ करत करंगळी दुखायची, ओळ संपली की घंटी वाजायची आणि कॅरेज परत ढकलायचं. पंधरा मशिनी एकदम चालल्या की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज. नागपुरातल्या अर्ध्या कारकुनांची भाकरी त्या खोल्यांतून निघाली.

अशा घरातला मुलगा कॉमर्स घेतो, घरच्यांना वाटते सीए व्हावं, त्याला ते जमत नाही आणि तो वडिलांच्या धंद्यात हात लावतो. इथवर आपल्या वर्गातल्या कोणत्याही पोराची गोष्ट आहे ना? नाटकाची आवड होती. वडिलांनीच फोटो काढायला लावून मुंबईला अ‍ॅक्टिंगच्या क्लासला पाठवलं, तिथे तीन दिवसांत मन उठलं आणि परत नागपूर. मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विचार, पण अ‍ॅक्टिंगचा कोर्स बंद होता, डायरेक्शनला गर्दी, म्हणून एडिटिंग घेतलं. म्हणजे ज्या दारातून आत जायचं होतं ते बंद होतं आणि बाजूच्या दाराने गेले. पुढची कितीतरी वर्षं जाहिराती आणि प्रोमो. फेव्हिकॉलच्या त्या "जोर लगा के हैशा" जाहिरातीत पडद्यावरही दिसले होते. २००० मध्ये 'मिशन काश्मीर'चं एडिटिंग केलं आणि पहिला स्वतःचा सिनेमा 'मुन्नाभाई एमबीबीएस' आला डिसेंबर २००३ मध्ये. वय मोजा, एक्केचाळीस.

आठवीच्या मुलाला एक्केचाळीस म्हणजे म्हातारपण वाटते म्हणून फलकावर वर्षांची एक रेघ काढा, १९६२ पासून २००३ पर्यंत, आणि मधला मोठा तुकडा रिकामा दिसू द्या, त्यावर फक्त "काम शिकत होते" एवढं लिहा.

कोर्टाच्या_मागे

खडूफळा मॅडम, तुम्ही यादीवर शंका घेतली ते योग्य केलं. मी वकील आहे आणि ही यादी आमच्या बार रूमच्या ग्रुपवरही दर महिन्याला येते.

हिदायतुल्ला साहेबांची शाळा रायपूरची, तिथलं सरकारी हायस्कूल. नागपूरला ते कॉलेजला आले, मॉरिस कॉलेज, जे आता वसंतराव नाईक शासकीय संस्था आहे, तिथून केंब्रिज. नंतर नागपूर हायकोर्टात वकील, न्यायाधीश, १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश, आणि १९६८ मध्ये सरन्यायाधीश. नागपूरचे म्हणायला पूर्ण हक्क आहे पण "शाळेचे" म्हणता येणार नाही. नरसिंह राव तेलंगणातले, नागपूरला कायदा शिकायला आले होते. भूषण गवई साहेबांचं शालेय शिक्षण अमरावती आणि मुंबईत झालं, वकिलीची बरीच वर्षं नागपूर खंडपीठात, सरकारी वकील म्हणूनही. मे ते नोव्हेंबर २०२५ सरन्यायाधीश. तिन्ही नावं शाळेच्या फलकावरून काढा, हवं तर "नागपुरात शिकले किंवा नागपुरात घडले" असा वेगळा फलक करा.

आणि एक उलटं उदाहरण, ज्याला यादीवाले विसरतात. विक्रम पंडित. सिटीग्रुप या अमेरिकन बँकेचे २००७ ते २०१२ सीईओ. धंतोलीतल्या मराठी घरात जन्म, सुरुवातीची शाळा इथली बिशप कॉटन, पुढची मुंबईत दादरला, सोळाव्या वर्षी अमेरिका. कोलंबिया विद्यापीठातून आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग फायनान्समध्ये पीएचडी. मंदीत बँक बुडायला आली तेव्हा त्यांनी जाहीर केलं की बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन. सायकलवाल्यांच्या एक रुपयाशेजारी हा एक डॉलर लावा. शाळा अर्धीच नागपूरची आहे, तेवढं स्पष्ट लिहा म्हणजे झालं.

वर्दीची आवड असलेली मुलं असतील तर जनरल मनोज पांडे, शाळा वायुसेना नगरचं केंद्रीय विद्यालय. तिथून एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, १९८२ मध्ये इंजिनिअर्स कोअरमध्ये अधिकारी, २०२२ मध्ये लष्करप्रमुख, आणि इंजिनिअर्समधून त्या पदावर गेलेले पहिलेच. मुख्यमंत्री फडणवीस शंकर नगरच्या सरस्वती विद्यालयाचे, पण शाळेच्या फलकावर चालू राजकारण नको असं माझं मत, तुमच्या मुख्याध्यापिका बाई ठरवतील.

वऱ्हाडी_बाजा

सगळे कोर्ट-कचेरीचेच लोकं सांगून राहिले राजेहो, गाण्याचं कोणी बोलेचना!

नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींचं श्रीराम संगीत विद्यालय होतं. गाणं शिकवायची शाळा, पण शाळाच की. तिथे कोण कोण शिकलं माहीत आहे का? वसंतराव देशपांडे आणि सी. रामचंद्र. दोघं! एक जण मूर्तिजापूरचा, एक जण नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, आणि दोघांचे सूर एकाच गुरुजींनी लावलेले. सी. रामचंद्रांनी पुढे 'अलबेला', 'अनारकली' दिले आणि १९६३ च्या जानेवारीत लताबाई दिल्लीत "ऐ मेरे वतन के लोगो" गायल्या ती चाल त्यांचीच.

पण मॅडम तुम्ही मधली वर्षं मागितली म्हणून वसंतराव. एवढा गळा असलेला माणूस पुण्याला मिलिटरी अकाउंट्सच्या ऑफिसात चोवीस वर्षं नोकरी करत होता. दिवसा खतावण्या, संध्याकाळी रियाज आणि मैफल. 'कट्यार काळजात घुसली' मधले खांसाहेब उभे केले ते १९६७ मध्ये, वय सत्तेचाळीस. माझे वडील मेडिकल चौकात घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवायचे, भिंगातून बघत स्प्रिंग बसवताना रेडिओवर "घेई छंद" लागलं की चिमटा खाली ठेवायचे. पूर्ण गाणं संपेपर्यंत गिऱ्हाईक उभं. कोणी कधी घाई केली नाही.

आणि त्या मागच्या बाकावरच्या पोराला दिव्या देशमुखचं सांगा. जन्म २००५, शाळा इथलीच भवन्स. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या फायनलमध्ये कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं, एकोणिसाव्या वर्षी, आणि तिथेच ग्रँडमास्टर झाली. आदल्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय संघाचं सोनं आणि तिचं स्वतःचंही. नागपूर सोडून नाही गेली, नागपूरला घेऊन गेली.

जुना_कारकून

मी एका शाळेत एकतीस वर्षं लिपिक होतो, आता रिटायर. बाकी सगळ्यांनी चांगलंच सांगितलं, माझं एक वेगळं सांगतो.

मॅडम, तुमच्या स्वतःच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. कापडी बांधणीचं, लांबट, कपाटात सगळ्यात खाली असते आणि त्याला वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला टाकून ठेवतात. त्यात रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख आणि शेवटी "शाळा सोडण्याचे कारण". तो शेवटचा रकाना वाचा फक्त. "पुढील शिक्षणासाठी". "वडिलांची बदली". "घरकामामुळे". "लग्न". मी नवीन असताना शाईच्या पेनाने हेच लिहायचो आणि कधी विचार केला नाही. दाखला न्यायला तीस वर्षांनी माणसं परत येतात, तेव्हा बोलतात. एक बाई आली होती, रकान्यात माझ्याच अक्षरात "घरकामामुळे" लिहिलेलं, आणि ती तेव्हा मेयो हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. बाहेरून दहावी केली, मग बारावी, मग नर्सिंग. मी उठून उभा राहिलो, दुसरं काय करणार.

सात फलक या मंडळींनी दिले ते लावाच. आठवा तुमच्या रजिस्टरमधून काढा. परवानगी विचारून, माणसाला फोन करून, त्याची इच्छा असेल तरच. आणि त्या व्यक्तीला गॅदरिंगला बोलवा, बाकीचे सात काही येणार नाहीत.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला आणि आमच्या बाईंनी तिथल्या तिथे किल्ली काढून दिली.

आज चौथ्या तासाला त्या मुलाला बोबडे साहेब आणि दिव्याचं सांगितलं, म्हटलं एक जण बावीस वर्षं इथेच काम करत राहिला. त्याने विचारलं, "आणि हिरानी सर परत का आले होते मुंबईहून?" मी म्हटलं मन लागलं नाही. तो म्हणाला, "मग वडील रागावले नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण वडिलांनीच पुढे पुण्याची वाट दाखवली असावी का? सायकलवाले, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

फलक ठरले: बोबडे, साळवे, हिरानी, पंडित, जनरल पांडे, दिव्या, आणि सप्रे गुरुजींच्या गाणशाळेचा एक, त्यावर वसंतराव आणि सी. रामचंद्र शेजारी शेजारी. सरन्यायाधीशांची बाकीची नावं काढली. आठव्यासाठी १९८५ ते १९९५ ची तीन रजिस्टरं काढलीत, पहिल्याची पानं चिकटलीत, पट्टी सारून हळूहळू सोडवतेय. "घरकामामुळे" आतापर्यंत चौदा वेळा आलंय, सगळ्या मुली. त्यातल्या दोघींचे पत्ते अजून याच वस्तीतले आहेत. शनिवारी अर्धी शाळा असते, सुटल्यावर जाते.