आरटीईच्या मुलांची वेगळी तुकडी चालते का?

प्रश्न: आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत गरीब व वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवरच्या मुलांना शाळेने दुपारची वेगळी तुकडी दिली, तर दाद कुठे मागायची?

उत्तर १: वेगळा वर्ग, वेगळी वेळ, दोन्हींना आरटीई नियमांत मनाई आहे. पुस्तकं, ग्रंथालय, खेळ यांतही दुजाभाव चालत नाही. या कायद्याच्या कलम ३२ खाली महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या. सुनावणी घेऊन ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

उत्तर २: शिक्का मारलेली पोच घ्याच. तोंडी तक्रारीची मुदत मोजणार कुठून? दोन्ही तुकड्यांचं वेळापत्रक जोडा. निकाल विरोधात गेला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील.

उत्तर ३: शिक्षक वर्गात ‘फुकटवाले’ म्हणत असतील तर तेही लिहा. हा सरळसरळ मानसिक छळ आहे. कलम १७ नुसार शिस्तभंगाची कारवाई होते.